नाकाला रुमाल, जिभेला पाणी

मासळी ताजी असावी, याविषयी कोणाचे दुमत होण्याचे कारण नाही. किनाऱ्यावर जन्मलेल्या माणसाला तर ते सांगावेही लागत नाही. आईच्या पाटीशेजारी बसून मासळीचे कल्ले लाल आहेत की काळवंडले, डोळा तुकतुकीत आहे की आत गेला, बोटाने दाबलेले मांस वर येते की तेथे खड्डा राहतो, हे आमच्याकडची मुले अक्षरओळखीच्या आधीच शिकतात. तेव्हा ताज्या मासळीच्या स्तुतीला आमची हरकत नाही. त्या स्तुतीच्या आड जो एक दुटप्पीपणा अलीकडे बोकाळला आहे, त्याला मात्र आमची हरकत आहे, आणि ती नोंदवण्यासाठीच हा लेखप्रपंच.

प्रसंग मागील हिवाळ्यातला आहे. शहरातील काही सुविद्य स्नेही आमच्याकडे आले आणि मुंबईच्या धक्क्यावर जाऊन पहाटेची ताजी मासळी घ्यायची, ती तिथेच जवळपास कोणाकडून तरी शिजवून घेऊन खायची, असा आग्रह त्यांनी धरला. आमच्या धर्मग्रामातील काही भगिनी मासळीच्या खरेदीसाठी ससून गोदीवर जातात, हे त्यांना ठाऊक होते. आम्ही त्यांना घेऊन गेलो. पहाटेचे पाच वाजले होते. ट्रॉलरमधून टोपल्या उतरत होत्या, लिलावाचा गलका चालू होता, बर्फाचा चुरा पायांखाली वितळत होता, आणि एका बाजूला ओल्या जमिनीवर उकिडव्या बसलेल्या स्त्रिया कोळंबी सोलत होत्या. आमच्या स्नेह्यांपैकी एकाने नाकाला रुमाल लावला तो शेवटपर्यंत काढला नाही. त्याच रुमालाआडून त्यांनी सुरमईचा भाव विचारला, तो निम्म्यावर आणण्यासाठी दहा मिनिटे घासाघीस केली, आणि परतताना मोटारीत म्हणाले, "फादर, मासळी अप्रतिम! पण हा बाजार शहराच्या मध्यभागी कशाला हवा? कुठेतरी बाहेर हलवून इथे एखादे छानसे खाण्याचे ठिकाण केले पाहिजे."

त्या एका वाक्यात आमच्या तक्रारीचा सगळा विषय आला. मासळी हवी, बाजार नको. चव हवी, वास नको. समुद्र हवा, समुद्रावर जाणारा माणूस नको. हे स्नेही काही दुष्ट गृहस्थ नव्हेत. दानधर्म करणारे, वाचनाची आवड असलेले सज्जन आहेत. म्हणूनच त्यांच्या विधानाचा गंभीरपणे विचार करणे आम्हांला आवश्यक वाटते.

प्रथम ताजेपणाच्याच कल्पनेचा समाचार घेऊ. मोठ्या धक्क्यावर उतरते ती मासळी सर्वांत ताजी, असा शहरी माणसाचा समज आहे. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. ससून गोदी काय किंवा भाऊचा धक्का काय, येथे लागणारे ट्रॉलर एका फेरीला आठ-दहा दिवस, कधी त्याहूनही अधिक दिवस समुद्रात असतात. फेरीच्या पहिल्या दिवशी सापडलेला मासा तितके सगळे दिवस बर्फात पडून असतो आणि शेवटच्या दिवशी सापडलेल्या माशाबरोबर एकाच पहाटे धक्क्यावर येतो. दोघेही 'आजचे'च म्हणून विकले जातात. त्यात लबाडी आहे असे नव्हे. बर्फ नीट असेल तर मासळी खाण्यालायक राहते. परंतु खरी ताजी मासळी हवी असेल, तर ती छोट्या होडीची असते. वसई, नायगाव, अर्नाळा, उत्तन, मढ येथील डोळीच्या होड्या भरती-ओहोटीच्या ओघात बांधलेली जाळी उपसून लवकर परततात. बोंबील तर इतका नाजूक की त्याला फार वाट पाहणे मानवतच नाही. तो लगेच खपला नाही तर वलांडीवर चढतो. म्हणजे ताजेपणा मोठ्या धक्क्यावर अवलंबून नसून किनाऱ्यालगत मासेमारी करणारा छोटा मच्छीमार जगतो की नाही, यावर अवलंबून आहे. आणि तोच आज सर्वांत अधिक अडचणीत आहे.

दुसरा भ्रम बारमाही ताजेपणाचा. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. ही मासळीच्या प्रजननाची वेळ, आणि खवळलेल्या समुद्रात माणसांचे जीव वाचवण्याचीही. ही शिस्त कायद्याने शिकवण्यापूर्वीपासून कोळी समाज पाळत आला आहे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्याशिवाय होडी लोटायची नाही, ही आमच्या हिंदू बांधवांची रीत, आणि हंगामाच्या आरंभी होड्यांना आशीर्वाद देण्याची आमची. धर्म वेगळे असले तरी समुद्राला उसंत द्यावी हा विवेक एकच. अशा वेळी जुलैच्या मध्यावर हॉटेलात बसून जो 'ताजे पापलेट' मागतो आणि ज्याला ते मिळते, त्याने स्वतःला विचारावे की हे आले कोठून? ते शीतगृहातून आले असेल. किंवा पूर्व किनाऱ्यावरची बंदी १४ जूनला संपत असल्याने तिकडून शेकडो मैलांचा प्रवास करून आले असेल. ताजे मात्र ते नव्हे. बारा महिने एकच मासा ताजा मागणे म्हणजे समुद्राला कारखाना समजणे होय.

आणि पापलेटाविषयी तर बोलावे तितके थोडे. २०२३च्या सप्टेंबरात महाराष्ट्र शासनाने रुपेरी पापलेटाला राज्यमासा म्हणून घोषित केले. सातपाटीसारख्या पापलेटावर जगणाऱ्या गावांना त्याचा आनंद झाला, तो रास्तच होता. परंतु राज्यमासा घोषित करण्याची वेळ का आली? तो दिसेनासा होऊ लागला म्हणून. त्याच वर्षी शासनाने मासळीच्या अनेक जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. तरीही तळहाताएवढी, एकदाही अंडी न घातलेली पापलेटे बाजारात ढिगाने दिसतात. ती कोण घेते? केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०१९ साली महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २.०१ लाख टन मासळी उतरली. मागील ४५ वर्षांतील हा नीचांक होता. पुढे काही वर्षी आकडा वर गेला असेल, खाली आला असेल. पण किनाऱ्यावरच्या माणसाला आकड्यांची गरज नाही. ज्या खाडीत त्याच्या वडिलांना बोय आणि मुडदुशी मिळत होती, तेथे त्याच्या जाळ्यात प्लॅस्टिक येते, हे तो डोळ्यांनी पाहतो.

येथे कोणी म्हणेल, "फादर, यात खाणाऱ्याचा काय दोष? पर्ससीन जाळी कोण वापरतो? रात्री प्रखर दिवे लावून मासळी कोण गोळा करतो?" आक्षेप खोटा नाही. पर्ससीन मासेमारीवर महाराष्ट्राने २०१६च्या फेब्रुवारीत निर्बंध आणले; एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्र शासनाने २०१७ साली बंदी घातली. दोन्हींचे उल्लंघन होते, आणि ते करणाऱ्यांत आमचेच भाईबंदही आहेत, हे आम्ही लपवून ठेवणार नाही. आमच्या डोळीच्या जाळ्यांचा आसही बारीक असतो आणि त्यात मोठ्या माशांची पिले सापडतात, हेही खरे. मच्छीमाराची बाजू घेणे म्हणजे त्याच्या प्रत्येक कृत्याला आशीर्वाद देणे नव्हे. परंतु कोणतीही लूट गिऱ्हाइकाशिवाय चालत नाही. लहान पापलेट विकले जात नसते, तर ते धक्क्यावर उतरलेच नसते. चोरीचा माल विकत घेणाऱ्याला कायदा निर्दोष समजत नाही. उद्याच्या पिढीच्या वाट्याचा मासा आज ताटात घेणाऱ्याला आपला विवेक निर्दोष का समजतो?

येथे आम्हांला एक कबुली दिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामाच्या सणाच्या दिवशी पाहुण्यांना भोजन होते. प्रत्येकाच्या ताटात एक अख्खे तळलेले पापलेट. ताटात मावावे म्हणून मुद्दाम लहान आकाराचे मागवलेले. आम्ही त्या भोजनावर आशीर्वादाची प्रार्थना म्हटली आणि चवीने जेवलो. पंगत उठल्यावर एक म्हातारे मच्छीमार आमच्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "फादर, आज आपण दोनशे पोरं खाल्ली." आम्ही हसून वेळ मारून नेली. ते हसणे आजही आम्हांला बोचते. म्हणून हा लेख शहरी स्नेह्यांवर रागावून लिहिलेला नाही. त्या पंगतीत आम्हीही बसलो होतो. आपल्या लग्नांत, बाप्तिस्म्यांत, सणांत 'एका ताटाला एक पापलेट' ही जी प्रतिष्ठेची खूण होऊन बसली आहे, ती आपणच घातली आहे आणि आपणच पुसली पाहिजे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू: बाजार हलवण्याचा. हा आमच्या एका स्नेह्याचा लहरी विचार असता, तर आम्ही तो सोडून दिला असता. पण तो आज नगररचनेचा विचार होऊ पाहत आहे. मुंबईत पलटण रोडवरील छत्रपती शिवाजी महाराज मंडईची इमारत धोकादायक ठरली आणि २०२१ साली तेथील मासळी विक्रेत्यांना दूर ऐरोलीला जाण्यास सांगण्यात आले, तेव्हा कोळी भगिनींना रस्त्यावर उतरावे लागले. इमारत मोडकळीस आली असेल तर ती पाडावी. त्याला कोण नाही म्हणेल? प्रश्न असा आहे की कापडाचा व्यापारी दहा कोस दूर गेला तर त्याचे कापड तसेच राहते, मासळी राहत नाही. धक्क्यापासून बाजारापर्यंतचा प्रत्येक तास म्हणजे आणखी बर्फ, आणखी भाडे, आणि उतरता भाव. मोठा घाऊक व्यापारी शीतवाहन घेऊन कोठेही जाईल. लोकल गाडीच्या मालडब्यात पाटी घेऊन उभी राहणारी बाई जाऊ शकत नाही. बाजार हलतो तेव्हा तो सर्वांसाठी सारखा हलत नाही. दुबळ्यांसाठी तो बंदच होतो.

मासळी धंद्याची रचना ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी एवढे सांगणे आवश्यक आहे. समुद्र पुरुषाचा असेल, पण बाजार स्त्रीचा आहे. होडी परतल्यावर मासळी निवडणे, भाव ठरवणे, विकणे, उरलेली खारवणे, सुकवणे, डिझेलची आणि बर्फाची उधारी फेडणे, मुलांची शाळेची फी भरणे, हे सारे तिच्या हातात असते. या देशात कमावते पाकीट स्त्रीच्या कमरेला खोचलेले असावे, असे समाज फार थोडे आहेत. कोळी समाज त्यांपैकी एक. धक्क्याजवळची तिची जागा गेली की ते पाकीटही जाते, आणि मग ती दुसऱ्याच्या गोदामात रोजंदारीवर कोळंबी सोलायला बसते. आमच्या स्नेह्यांनी नाकाला रुमाल लावून ज्यांच्याकडे पाहिले नाही, त्या ओल्या जमिनीवरच्या स्त्रियांपैकी कितीजणी अशा आल्या असतील, याचा विचार त्यांच्या मनात आला नाही.

खाण्याच्या ठिकाणालाही आमचा विरोध नाही. माहीमच्या कोळीवाड्यात २०२३ साली मुंबई महापालिकेच्या पुढाकाराने जे सी-फूड प्लाझा सुरू झाले, तेथे स्थानिक बचतगटांच्या स्त्रियांनी स्वतः रांधून वाढायला सुरुवात केली. वेसाव्यासारख्या कोळीवाड्यांत भरणारे मासळी महोत्सवही असेच. येथे पाहुणा येतो, यजमान त्याला आपल्या घरची चव देतो आणि मोबदला यजमानाच्याच हाती पडतो. हे स्वागतार्ह आहे. पण एक गोष्ट विसरता येणार नाही. खाण्याचे ठिकाण बंदराच्या शेजारी शोभते, बंदराच्या जागी नव्हे. होड्या लावायला जागा नाही, जाळी वाळवायला अंगण नाही, बोंबील सुकवायला किनारा नाही, आणि तरीही कोळीवाडा मात्र पाहुण्यांच्या जेवणासाठी जिवंत राहावा, ही अपेक्षा व्यर्थ आहे. त्या प्लाझामध्ये उद्या मासळी येणार कोठून? वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४मध्ये मंजुरी दिली आणि ऑगस्टमध्ये त्याची पायाभरणीही झाली. डहाणू-पालघरच्या किनाऱ्यावरील मच्छीमार आपल्या मासेमारीच्या क्षेत्राचे काय होणार, हे वर्षानुवर्षे विचारत आहेत. ताज्या मासळीच्या चाहत्यांपैकी किती जणांनी हा प्रश्न आपला मानला?

आता वासाविषयी आणि घाणीविषयी. आम्ही येथे कसलेही गोडवे गाणार नाही. धक्क्यावर घाण आहे. सांडपाणी तुंबते, उघड्यावर कचरा पडतो, स्त्रियांना धड स्वच्छतागृह नाही. यात रम्य काही नाही. परंतु मासळीचा वास निराळा आणि तुंबलेल्या गटाराचा निराळा. पहिला धंद्याचा आहे, दुसरा व्यवस्थेचा. गोड पाणी, उतार असलेली फरशी, निचरा, सावली, बर्फ, शौचालय एवढ्या साध्या गोष्टी दिल्या तर दुसरा वास जाईल. ससून गोदी १८७५ साली बांधली गेली. दीडशे वर्षे जी गोदी या शहराला पोसते आहे, तिच्या आधुनिकीकरणाच्या योजना आज आखल्या जातात, हे चांगलेच. त्या कागदावरून धक्क्यावर उतराव्यात आणि उतरताना कोळंबी सोलणाऱ्या बाईलाही बसायला ओटा मिळावा, एवढीच अपेक्षा. ज्याला वास सहन होत नाही त्याने बाजार हलवण्याची मागणी करण्याऐवजी बाजार धुण्याची मागणी करावी. दोन्हींना खर्च येतो. पण एका खर्चात गरिबाचे पोट भरते आणि दुसऱ्यात ते मारले जाते.

आपण ख्रिस्ती लोक मासळीशी जुन्या नात्याने बांधलेले आहोत. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस पुनरुत्थित ख्रिस्त सरोवराच्या काठावर निखाऱ्यांवर मासळी भाजून शिष्यांची वाट पाहतो. किनाऱ्यावरच्या ताज्या मासळीच्या भोजनाचे याहून सुंदर चित्र आम्हांला ठाऊक नाही. पण ते भोजन कोणासाठी होते? रात्रभर जाळी टाकून थकलेल्या मच्छीमारांसाठी. प्रभू त्यांच्याकडून त्यांनी पकडलेली मासळीही मागून घेतो, म्हणजे त्यांच्या कष्टांना आपल्या पंगतीत मान देतो. तेथे राबणारा आणि जेवणारा एकच आहे. आमच्या आजच्या किनाऱ्यावरील भोजनात राबणारा कोठे आहे? कोकणातून, उत्तर प्रदेशातून, झारखंडातून आलेला खलाशी मासळी उतरवून रिकाम्या पोटी पुन्हा फेरीला निघालेला असतो. पालघर जिल्ह्यातील कित्येक खलाशांना गुजरातच्या नौकांवर काम करताना सागरी सीमा ओलांडल्याच्या आरोपाखाली पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षे काढावी लागली आहेत. ताटातल्या माशाला हीही किंमत आहे.

आणि शुक्रवारचे काय? मांस वर्ज्य करण्याची आपली परंपरा त्यागासाठी आहे. परंतु मटणाहून महाग पापलेट शुक्रवारी आणून आपण 'पथ्य पाळले' असे म्हणत असू, तर आपण नियम पाळला आणि त्याग टाळला. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लौदातो सी' या आपल्या विश्वपत्रात अनिर्बंध मासेमारीने समुद्रातील जीवजाती घटत असल्याचा स्पष्ट उल्लेख केला आहे. प्रायश्चित्तकाळात आपण त्यावर प्रवचने देतो, आणि पुनरुत्थानाच्या सणाला तळहाताएवढी पापलेटे आणतो.

मग खावे तरी काय, असे वाचक विचारतील. खावे, आणि आनंदाने खावे. समुद्र ज्या दिवसांत जे देतो ते खावे. बोंबील, मांदेली, बांगडा, तारली, करंदी यांना कमी प्रतीचे मानण्याची सवय सोडावी. आमच्या आज्यांनी याच मासळीवर धडधाकट पिढ्या वाढवल्या. पावसाळ्यात सुकट, सुका बोंबील, खारे मासे यांना ताटात पुन्हा सन्मानाने स्थान द्यावे. उन्हाळ्यात सुकवलेल्या त्या मासळीत कोळी स्त्रीच्या श्रमांचा विमा असतो. लहान पापलेट समोर आले तर ते घेऊ नये, आणि का घेत नाही ते विकणाऱ्याला सौम्य शब्दांत सांगावे. मासळी कोणत्या होडीची, कोणत्या गावची, हे विचारावे. भाव करावा, पण हॉटेलात चौपट रक्कम हसतमुखाने मोजणाऱ्याने पाटीवाल्या बाईशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालू नये. आणि आपल्या नगरपालिकेच्या निवडणुकीत उमेदवार दारी आला की गटार आणि रस्त्याबरोबर मासळी बाजाराविषयीही त्याला जाब विचारावा. आपल्या धर्मग्रामांतील मंडळांनी पुढच्या सणाच्या भोजनापासून आरंभ केला, तर आम्ही स्वतः त्या ताटासमोर प्रथम बसू.

शेवटी त्या पहाटेचे जे सांगायचे राहिले ते सांगतो. रुमालवाल्या स्नेह्यांची घासाघीस चालली असताना ती पाटीवाली मावशी बराच वेळ शांत होती. मग तिने सुरमईचा कल्ला वर करून लाल रंग दाखवला आणि म्हणाली, "साहेब, नाक झाका, माझं काही म्हणणं नाही. पण मग डोळे तरी उघडे ठेवा." आमच्या स्नेह्यांना वाटले, ती मासळीच्या पारखीविषयी बोलते आहे. त्यांनी वाकून कल्ला पाहिला, समाधानाने मान हलवली आणि पैसे मोजले. आम्ही मात्र त्या दिवशी ती सुरमई खाल्ली तेव्हा घास घशाखाली उतरायला वेळ लागला.